मुदत

सिंगापुरात प्रत्येक गोष्टीला मुदत आहे. सरकारी फ्लॅटला 99 वर्षं. लिम चू कांगकडच्या शेताच्या तुकड्याला 20. चोआ चू कांगच्या दफनभूमीतल्या कबरीला 15. मग अवशेष काढून जागा मोकळी करतात.

माझ्या वडिलांना, आबांना, हे सांगितलं तेव्हा ते हसले. "मंजी घराला नव्व्याण्णव आन् माणसाला पंधरा? बरंय की."

आमच्या सातबाऱ्यावर मुदतीचा रकानाच नाही.

आबांना स्वतःचा शेवट कळण्याचं कारण नव्हतं; सुरुवातही कळलेली नव्हती. गांधींना मारलं त्या साली हातात औत आलं. कोयनेच्या भूकंपाच्या साली थोरली झाली, बहात्तरच्या दुष्काळात मी. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो आणि कुणीच तो साजरा करत नाही.

त्याच आधारच्या यंत्रावर त्यांची बोटं उमटेनात. पुसून झाली, दाबून झाली. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "आजोबा, ठसा झिजलाय."

"झिजला न्हाय. रानात पडलाय."

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही पडला तर. अख्खा खरीप रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्यांवर पाळ्या घालायच्या आणि पडेल तेवढं पाणी जमिनीच्या पोटात जिरवायचं. दसऱ्याच्या आगेमागे ज्वारी पेरायची. त्यानंतर वरून थेंब नाही. थंडीत रान तडकू लागतं. भेगेतून ओल उडून जाते, म्हणून कोळपं घालून माती सुटी करायची आणि भेगा बुजवायच्या. पीक येतं ते चार महिन्यांपूर्वीच्या पावसावर. मला वाटतं आबांचा संसारही असाच चालला. मिळकत एकदाच यायची. बाकी सगळं वर्ष भेगा बुजवण्यात जायचं. चार पोरांच्या फिया, दोन लग्नं, आईचं ऑपरेशन. कुठून आलं हे आम्हाला कधी दिसलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

कष्टाळू माणसाला कष्टाळू म्हणण्यात आपला एक फायदा असतो. मग त्याला बस म्हणावं लागत नाही.

बहात्तरला त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. घरी लाल मिलोच्या भाकरी. तो रस्ता अजून आहे, त्यावरून एसटी जाते. त्या रस्त्यावर आबा खिडकीतून बाहेर बघायचे नाहीत.

इथं सिंगापुरात माझ्याकडं ते एकदाच आले. रोज दुपारी पाऊस. आभाळाकडं बघून त्यांनी विचारलं, "हितं पेरायचं कवा?" मी म्हणालो, केव्हाही. ते गप्प झाले. विषुववृत्तापासून सव्वा अंशावरच्या ह्या बेटावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, आणि नक्षत्र पाहून पेरणाऱ्या माणसाला हात घालायला फट मिळत नाही. क्रांजीकडं एका मळ्यात नेलं. पन्हाळीतल्या पाण्यावर वाढणारी पालेभाजी, एकसारखी, स्वच्छ. त्यांनी एक रोप उचलून पाहिलं आणि पटकन परत ठेवलं. मुळं अशी उघडी बघायची नसतात म्हणाले.

त्यांचा जीव रमला तो आमच्या ब्लॉकखाली. तिथं एक चिनी अंकल तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत मिरच्या लावतात. लहानपणी पोटोंग पासीरला त्यांच्या घरचा भाजीचा मळा होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं ब्लॉक उभे राहिले. डुकरं पाळणारेही मग फार दिवस टिकले नाहीत. 1984 साली सरकारनं तो धंदाच टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. 1966 हे साल दोन्ही म्हाताऱ्यांचं: तिकडं जमीन महसूल संहिता, इकडं जमीन संपादनाचा कायदा. एकाचं नाव कागदावर राहिलं. दुसऱ्याच्या वाट्याला पत्र्याचे डबे आले.

दोघांना एक भाषा नव्हती, मिरची होती. आबा उकिडवे बसले, डब्यातली माती चिमटीत घेऊन चुरली, नाकाशी नेली आणि मान हलवली. अंकल आत गेले. वाळवलेली अंड्याची टरफलं घेऊन आले. आबांनी ती तळव्यात चुरडून बुंध्याशी न घालता चार बोटं लांब, गोलाकार घातली. अंकलनी तेवढं अंतर आपल्या बोटांनी मोजून पाहिलं. तासभर हेच चाललं होतं. मी दुभाषा म्हणून उभा होतो, माझं काही काम पडलं नाही.

आबा माघात गेले. ज्वारी हुरड्यातून निघून काढणीला आलेली. इथलं घड्याळ अडीच तास पुढं आहे, त्यामुळं मी तो दिवस त्यांच्या आधी उघडला होता आणि तरीही उशिरा पोचलो. अग्नी मिळाला नाही, राख सावडायला मिळाली. थोडी चंद्रभागेला, थोडी बांधावरच्या लिंबाखाली. दुसऱ्या दिवशी भावानं बाया लावून काढणी सुरू केली. आबांनी हेच केलं असतं, असं कुणीतरी म्हणालं. मला ते तेव्हा रुचलं नाही.

परत आल्यावर ब्लॉकखाली अंकलनी विचारलं, "फादर?" मी मान हलवली. त्यांनी दोन पिकल्या मिरच्या तोडून माझ्या हातावर ठेवल्या आणि डब्याला पाणी घालत राहिले.

परदेशी राहणाऱ्या माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मिळते. म्हणजे जमीन हवी तर बाप जावा लागतो. वारसनोंदीचा अर्ज झाला, फेरफार धरला गेला. नोटीस पुतण्यानं व्हॉट्सॲपवर पाठवली. हरकतीसाठी मुदत 15 दिवस.

मला एक हरकत होती. तलाठ्याकडं नोंदवण्यासारखी नव्हती.

महिन्याभरानं नवा उतारा आला. नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. मी फोनवर मोठं करून पाहिलं. आबा कंसात, खाली आम्ही चौघं. पिकाच्या रकान्यात ज्वारी, कोरडवाहू.