यमकाची साक्ष

इंग्रजीत ‘वूम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘टूम’ म्हणजे थडगं. दोन्ही शब्दांच्या शेवटी लिहिताना ‘बी’ येतो आणि बोलताना तो गिळला जातो. जन्माची जागा आणि मरणानंतरची जागा यांच्यात फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. शेक्सपिअरने ही जोडी वापरली, त्याच्यानंतरही अनेकांनी वापरली. ती कानावर पडली की वाटतं, भाषेला काहीतरी आधीच ठाऊक होतं आणि कवीने फक्त ते उघड केलं.

प्रत्यक्षात या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. ‘वूम’ जुन्या इंग्रजीतल्या ‘वाम्ब’वरून आला, त्याचा अर्थ पोट. ‘टूम’ ग्रीकमधून लॅटिनमध्ये, तिथून फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत पोहोचला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मातीचा उंचवटा. दोन वेगळ्या गावांहून निघालेले दोन प्रवासी एकाच फलाटावर शेजारी उभे राहावेत, तसे ते इंग्रजीत एकमेकांशेजारी आले. आपण मात्र त्यांना भाऊ समजतो.

इथून मला एक प्रश्न पडतो आणि तो केवळ भाषेचा नाही. यमक जुळल्यामुळे एखादी गोष्ट अधिक खरी होते का? होत नसेल, तर यमकाच्या जोरावर ती दुसऱ्याच्या गळी उतरवणं कितपत योग्य?

मराठी माणसाला हा प्रश्न एकदम भिडत नाही, कारण मराठीत यमक तसं स्वस्त आहे. गेला, आला, केला, जाऊन, खाऊन, पाहून, घरात, दारात. प्रत्ययच यमक जुळवून देतात. म्हणून तर मोरोपंतांसारख्या यमकप्रेमी कवीला नुसत्या शेवटच्या अक्षरावर समाधान मानता आलं नाही. दोन-तीन अक्षरांचा गट जुळवून वेगळा अर्थ काढण्यात त्यांनी आपली करामत दाखवली. इंग्रजीचे बहुतेक प्रत्यय मात्र शतकांच्या ओघात झडून गेले. तिथे यमक जुळवायचं तर मूळ शब्दालाच हात घालावा लागतो, आणि असे शब्द थोडे. ‘मंथ’ किंवा ‘ऑरेंज’ला तर धड यमकच सापडत नाही. ‘लव्ह’ या शब्दाला मोजकी यमकं आहेत: ‘डव्ह’ म्हणजे पारवा, ‘ग्लव्ह’ म्हणजे हातमोजा, ‘अबव्ह’ म्हणजे वर, ‘शव्ह’ म्हणजे ढकलणं. इंग्रजी प्रेमकवितेत पारव्यांची आणि आकाशाची एवढी गर्दी का, याचं निम्मं उत्तर या यादीत आहे.

आता शेजारच्या भाषा पाहा. फ्रेंचमध्ये प्रेमाला ‘आमूर’ म्हणतात आणि ते ‘तूजूर’शी, म्हणजे ‘नेहमी’शी जुळतं. जर्मनमध्ये हृदयाला ‘हेर्त्स’ म्हणतात आणि ते ‘श्मेर्त्स’शी, म्हणजे वेदनेशी जुळतं. मराठीत प्रीतीला रीती आणि भीती दोन्ही मिळतात. यमकाला सत्य कळत असतं, तर प्रेम फ्रान्समध्ये कायमचं, जर्मनीत दुखरं आणि इंग्लंडमध्ये पंखवालं असतं, असं मानावं लागेल.

तेव्हा यमक हा योगायोग आहे असं म्हणून विषय संपवता येईल? तसं नाही. कारण योगायोगाचेही परिणाम होतात. ‘हेल्थ’ हा शब्द इंग्रजीत जुना. त्याच्या मुळाशी ‘अखंड’, ‘धड’ असा अर्थ आहे. ‘वेल्थ’ हा शब्द नंतर त्याच्याच साच्यात घडवला गेला. सुरुवातीला त्याचा अर्थ क्षेमकुशल असा होता. ‘कॉमनवेल्थ’मध्ये, म्हणजे सर्वांच्या हितामध्ये, तो अजून शिल्लक आहे. पुढे तो आकसत पैशापुरता उरला. शब्दांचं यमक टिकलं, पण त्यातल्या एकाचा अर्थ बदलला, आणि आरोग्य व पैसा यांची जोडी निसर्गनियमासारखी वाटू लागली.

दुसरं उदाहरण अधिक बोचरं आहे. ‘फीमेल’ हा शब्द ‘मेल’पासून निघालेला नाही. तो फ्रेंच ‘फमेल’वरून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या बाईसाठीच्या शब्दात आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, ‘मेल’शी असलेल्या ध्वनीच्या जवळिकीमुळे, त्याचं रूप बदलून ‘फीमेल’ झालं. आज तो शब्द पाहणाऱ्याला वाटतं की पुरुषाच्या नावाला काहीतरी जोडून बाईचं नाव केलं आहे. कानाने केलेली ही दुरुस्ती एका जुन्या समजुतीला इतकी सोयीची ठरली, की तिच्याकडे कोणी संशयाने पाहिलं नाही.

नीत्शेने ‘आनंदी विज्ञान’ या पुस्तकात म्हटलं आहे की आपल्यातला शहाण्यातला शहाणाही कधीकधी लयीमुळे फसतो. विचार छंदात आला की त्याला तो अधिक खरा वाटतो. 2000 साली मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिघबख्श या संशोधकांनी हे प्रयोगाने तपासलं. त्यांनी फारशी परिचित नसलेली यमकबद्ध इंग्रजी वचनं घेतली, त्यातला एक शब्द बदलून यमक मोडलं आणि अर्थ तोच ठेवला. लोकांना यमक असलेली वचनं अधिक अचूक वाटली. यमकामुळे तुमचं मत झुकलं का, असं विचारल्यावर लोक नाही म्हणाले. मात्र शब्दांचं सौंदर्य आणि म्हणणं वेगळं करून पाहा, अशी सूचना आधी दिली, तेव्हा हा परिणाम बराच कमी झाला. मला या प्रयोगातला हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण फसतो, पण कोणी आठवण करून दिली तर सावधही होऊ शकतो. म्हणजे आठवण करून देणं हे कोणाचं तरी काम आहे.

यमकात नेमकं काय कमी असतं, हे ‘माइट’ आणि ‘राइट’ या जोडीवरून कळतं. बळ आणि न्याय. बळ असेल तोच बरोबर, हे जुनं इंग्रजी वचन या यमकावर उभं आहे. मराठीत आपण ‘बळी तो कान पिळी’ म्हणतो. तिथेही यमक आहेच. 1860 साली न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमधल्या भाषणात अब्राहम लिंकनने तेच दोन शब्द घेतले आणि उलटे मांडले: न्याय्य असण्यातूनच बळ येतं, यावर श्रद्धा ठेवू या. विषय गुलामगिरीच्या विस्ताराचा होता. यमक तेच, अर्थ बरोबर विरुद्ध. युक्तिवादाला दिशा असते. ‘यामुळे ते’ आणि ‘त्यामुळे हे’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. यमकाला दिशा नसते. ते दोन शब्द शेजारी बसवतं, पण कोण कोणाचं कारण, हे सांगू शकत नाही. लिंकन बरोबर होता की नाही, हे यमकाबाहेरच ठरवावं लागतं.

मुलांच्या सुरक्षिततेवरचा काही इंग्रजी मजकूर मराठीत आणताना हा प्रश्न माझ्या अगदी अंगावर आला. त्यात ‘स्ट्रेंजर, डेंजर’ ही प्रसिद्ध जोडी होती. अनोळखी माणूस म्हणजे धोका. इंग्रजीत ती इतकी घट्ट बसते की शंकेला जागाच राहत नाही. मराठीत सरळ लिहिलं, ‘अनोळखी माणूस म्हणजे धोका’, आणि लगेच मनात आलं, नेहमीच? यमक गेलं तशी प्रश्नाला वाट मिळाली. आणि प्रश्नाचं उत्तर माहीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत, पोक्सो कायद्याखाली नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं 90 टक्क्यांहून जास्त आहे. घरातले, शेजारचे, नात्यातले. यमक मुलाची नजर दाराबाहेर वळवतं आणि धोका बहुधा दाराच्या आत असतो.

गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास, ‘डेंजर’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापर्यंत जातो तो आहे ‘दोमिनुस’, म्हणजे धनी, मालक. एखाद्याच्या ‘डेंजर’मध्ये असणं म्हणजे मध्ययुगीन इंग्रजीत त्याच्या सत्तेखाली असणं, तो आपलं बरंवाईट करू शकेल अशा स्थितीत असणं. शब्दाचा इतिहास सांगतो की ज्याची आपल्यावर सत्ता आहे त्याच्याकडून धोका असतो. यमक बोट दाखवतं ते जो आपला कोणीच नाही त्याच्याकडे. अर्थात व्युत्पत्ती हाही पुरावा नव्हे. शब्दाचा जुना अर्थ आज खरा असलाच पाहिजे असं नाही. इथे तो आकडेवारीशी जुळतो, एवढंच.

मराठीत यमक जुळवणं अवघड नव्हतं. ‘परक्यासंगे जाऊ नको, त्याचा खाऊ खाऊ नको.’ मुलांना आवडलं असतं, पाठही झालं असतं. पाठ होतं हीच त्यातली अडचण. यमकाच्या बाजूने मोठा मुद्दा हाच आहे आणि तो टाळता येत नाही: सहा वर्षांच्या मुलाला खरं पण लांबलचक वाक्य दिलं तर ते विसरेल, आणि विसरलेलं सत्य त्याच्या काय कामाचं? मग अर्धंमुर्धं खरं पण लक्षात राहणारं बरं, असं म्हणायचं का?

मला वाटतं, उत्तर क्रमात आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या पोराटोरांना माहीत आहे. तिचं यमक प्रत्ययाने फुकट दिलेलं आहे. पण तिच्या मागे आधी एक कारण होतं: दख्खनच्या काळ्या कातळात पाणी फार साठत नाही, पावसाळा चार महिन्यांचा, आणि उतारावरचं पाणी थांबवलं नाही तर ते मातीसकट निघून जातं. हे गद्यात सिद्ध झालं, मग यमकाने ते घरोघर पोहोचवलं. इथे यमकाकडे हमालाचं काम आहे, साक्षीदाराचं नाही. उलट छडीच्या आवाजाशी विद्येची सांगड घालणारी ओळ घ्या. ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हसत म्हटली गेली. शाळेत मुलांना मारण्यावर बंदी आणायला 2009 चा शिक्षण हक्क कायदा यावा लागला. त्या ओळीमागचं कारण कोणी विचारलं नव्हतं, कारण कानाला ते पटलेलं होतं.

म्हणून मला एवढंच बंधन मान्य करावंसं वाटतं. जे दुसऱ्याच्या, विशेषतः लहान मुलाच्या, मनात कायमचं बसणार आहे, ते आधी यमक मोडून म्हणून पाहावं. शब्द उलटे करून पाहावेत. दुसऱ्या भाषेत नेऊन पाहावेत. एवढ्यातून जे उरेल त्याला हवं तेवढं यमक द्यावं. त्या मजकुरात शेवटी तीन छोटी वाक्यं गेली: ‘नाही म्हण. तिथून नीघ. सांग.’ त्यांत ओळखीचा की अनोळखी हा भेद नाही आणि यमकही नाही. बोटांवर मोजता येतात, म्हणून मुलांच्या लक्षात राहतात.