नकार आणि अर्ज : सार्वजनिक अनुदानाचा नैतिक विचार

१

कलावंत आणि सत्ता यांच्या संबंधाची मराठीतील चर्चा 'राजाश्रय' आणि 'लोकाश्रय' या दोन शब्दांभोवती फिरत आली आहे. राजाश्रय घेणारा मिंधा होतो, लोकाश्रयावर जगणारा स्वतंत्र राहतो, अशी या मांडणीतील ढोबळ विभागणी असते. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केल्याची परंपरागत कथा या विभागणीचे नैतिक अधिष्ठान म्हणून सांगितली जाते. आधुनिक काळात दुर्गा भागवतांनी पद्मश्री आणि ज्ञानपीठ नाकारल्याचा दाखला त्याच परंपरेत ठेवला जातो. निर्मोही नकार हा कलावंताच्या नीतीचा कळस होय, असे या दाखल्यांमधून सूचित होते.

परंतु लोकशाही शासनाचे अनुदान या दोहोंपैकी कोणत्या सदरात घालावे? ते शासनाच्या हातून येते म्हणून राजाश्रय म्हणावे, तर ती रक्कम राजाच्या खासगी खजिन्यातील नसते. ते लोकांच्या करांतून येते म्हणून लोकाश्रय म्हणावे, तर ती लोकांनी आपण होऊन कलावंताच्या झोळीत घातलेली नसते. 'अनुदान' या शब्दात 'दान' आहे आणि दानाच्या पाठोपाठ उपकाराची कल्पना येतेच. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने भेटवस्तूच्या व्यवहारात अनुस्यूत असतात, हे मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात निबंधात दाखवून दिले. अनुदानाला दान समजले की परतफेडीचा प्रश्न उभा राहतो आणि कलावंताजवळ परतफेडीसाठी स्तुती किंवा मौन यांखेरीज फारसे काही नसते.

साहित्य संमेलनांच्या अनुदानावरून झालेल्या वादांचे मूळ या समजुतीत आहे. वसंत बापट अध्यक्ष असलेल्या १९९९ च्या मुंबई येथील संमेलनाच्या वेळी असाच कटू वाद झाला. संमेलनाने स्वतःच्या निधीवर उभे राहावे यासाठी 'महाकोशा'ची कल्पना पुढे आली. संमेलने मात्र आजही शासकीय मदत घेतात. नकाराचा आदर्श आणि स्वीकाराचा व्यवहार यांतील ही फट केवळ ढोंग म्हणून निकालात काढणे सोपे आहे. प्रश्नाची मांडणीच अपुरी असल्याचे ते लक्षण असावे, ही शक्यता अधिक गंभीरपणे तपासण्याजोगी आहे.

२

मराठी ग्रंथकर्तृत्वाला मिळालेल्या सार्वजनिक मदतीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पेशवाईत श्रावणमासी ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलात ती प्रथा संकोचित रूपात चालू राहिली. १८४९ साली पुण्यातील तरुण सुधारकांनी या निधीतील काही भाग मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्यासाठी वापरावा, असा अर्ज सरकारकडे केला. लोकहितवादी त्यांच्यात अग्रभागी होते. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. या घटनेचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे. दक्षिणा ही जातीवरून ठरणारी प्राप्ती होती, तर पारितोषिक हे कृतीवरून ठरणार होते. दानाचे रूपांतर सार्वजनिक निधीत होण्याची मराठी मुलखातील ही एक आरंभीची पायरी होय.

परंतु निधी सार्वजनिक झाला तरी निवाडा सार्वजनिक झाला नव्हता. १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीकडे पाठवले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे ते नामंजूर झाले, असे फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवले आहे. शूद्र कुणब्याची धर्माच्या नावाने होणारी नागवणूक हा ज्याचा विषय, ते नाटक दक्षिणेच्या निधीतून छापण्याची शिफारस त्या सभासदांकडून होणे कठीणच होते. ते छापील रूपात वाचकांपुढे यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

तुकोबांची कथा आणि फुल्यांचा अनुभव शेजारी ठेवले तर नैतिक प्रश्नाचे स्वरूप पालटते. तुकोबांनी आलेले नाकारले. फुल्यांनी मागितले आणि ते नाकारले गेले. आपल्या साहित्यविचाराने पहिल्या प्रसंगावर कलावंताच्या नीतीची उभारणी केली. दुसऱ्या प्रसंगातून दात्याची नीती सिद्ध होऊ शकते, याकडे तेवढे लक्ष गेले नाही. नकार देण्याचा अधिकार त्यालाच लाभतो, ज्याच्यापर्यंत देकार पोचतो. ज्याला अर्ज करावा लागतो त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न 'घ्यावे की न घ्यावे' हा नसतो. आपल्याला न देणारे कोण आहेत आणि ते कोणती कारणे देतात, हा असतो. फुल्यांचा अर्ज हे मिंधेपणाचे कृत्य नव्हते. सार्वजनिक निधीवर सर्वांचा अधिकार आहे, हा दावा त्या अर्जाने कृतीत आणला होता.

३

या दाव्यातून दात्यावर एक कर्तव्य येते. खासगी दात्याने आपल्या निवडीची कारणे सांगण्याची गरज नसते. सार्वजनिक दात्याला ती टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये केन्स यांच्या पुढाकाराने १९४६ साली स्थापन झालेल्या कला परिषदेने शासन आणि निवड यांत अंतर राखण्याचे तत्त्व रूढ केले. महाराष्ट्रात १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाच्या रचनेतही हीच अपेक्षा गृहीत होती. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणाऱ्या या मंडळाच्या योजनेने ग्रामीण भागातील कितीतरी लेखकांना मुद्रणाचा उंबरठा ओलांडता आला, हे मान्य केले पाहिजे.

या अंतराची कसोटी २०२२ च्या डिसेंबरात लागली. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य वाङ्मय पुरस्कार ६ डिसेंबरला जाहीर झाला आणि १२ डिसेंबरच्या शासन निर्णयाने तो रद्द झाला; निवड समितीही रद्द करण्यात आली. त्यानंतर काही लेखकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले, काहींनी पुरस्कार परत केले. या प्रसंगाची चर्चा मुख्यतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली आणि ती रास्तच होती. परंतु त्याला आणखी एक बाजू आहे. रद्द करण्यामागे सांगितले गेलेले कारण 'प्रशासकीय' होते. प्रशासकीय कारण म्हणजे ज्याचा प्रतिवाद करता येत नाही असे कारण. पुस्तक निकृष्ट आहे, अनुवाद सदोष आहे, किंवा त्यातील विचार घातक आहे, असे म्हटले असते तर वाद झाला असता. पण तो वाद म्हणून शक्य झाला असता. अर्जदाराला उत्तराची संधीच न देणे, हे १८५५ आणि २०२२ या दोन प्रसंगांमधील साम्य होय. पुरस्कार आणि अनुदान यांच्या प्रयोजनांत भेद असला तरी निवाड्याच्या नीतीपुरता तो भेद गौण ठरतो.

४

कारणे देण्याचे कर्तव्य मान्य केले तरी प्रश्न संपत नाही, किंबहुना येथे तो अधिक अवघड होतो. कारणे कृतीविषयी देता येतात आणि त्यासाठी कृती स्वतंत्र, ओळखता येण्याजोगी व तुलनीय असावी लागते. नाटक, कादंबरी, अनुवाद या अटी पुऱ्या करतात. सर्व कला तशा नसतात. पनवेल परिसराचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल.

रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी समाजांत लग्नविधीच्या वेळी धवले गाणारी धवलारीण ही एकाच वेळी गायिका, पुरोहित आणि स्मृतिधारक असते. 'धवळे' या रचनाप्रकाराचा मराठीतील मान मोठा आहे. तेराव्या शतकातील महदंबेचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. तरीही आजच्या धवलारणीला अनुदानाच्या अर्जात स्वतःला बसवणे कठीण जाते. अर्जाला एकटा कलावंत हवा असतो. तिचे गाणे मांडवातील बायकांच्या साथीने पुरे होते. अर्जाला कार्यक्रम हवा असतो. तिचे गाणे विधीपासून सुटे काढले तर ते नमुना म्हणून उरते. अर्जाला प्रमाणपत्रे आणि कात्रणे हवी असतात. तिच्या कर्तबगारीची साक्ष ज्यांची लग्ने तिने लावली त्या घरांपाशी असते.

अर्जातील आणखी एक गृहीत पायरीचे आहे. १९५४-५५ पासून महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक आणि कलावंत यांना मानधन देण्याची योजना आहे. तिच्यात दीर्घकाळ अ, ब, क असे वर्ग होते : राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीचे कलावंत. मानधनाचे अलीकडचे दर अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये होते. रकमांतील अंतर लहान असले तरी त्यामागील मूल्यविधान लहान नव्हते. कलेची व्याप्ती आणि कलेची योग्यता ही एकच गोष्ट आहे, असे ते विधान होते. धवलारीण राष्ट्रीय पातळीची होऊ शकत नाही, कारण तिची कला तिच्या बोलीत आणि तिच्या गावांत राहूनच अर्थपूर्ण होते. तिचे स्थानिक असणे ही तिच्या कलेची उणीव ठरवणे म्हणजे विहिरीला नदी नसल्याबद्दल दोष देणे होय. २०२४ साली ही वर्गवारी बाजूला ठेवून सरसकट ५,००० रुपये मानधन ठरवण्यात आले. हा बदल केवळ आर्थिक नाही. त्यात एका चुकीच्या मूल्यकल्पनेचा त्याग आहे. परंतु मानधन वृद्ध गायिकेच्या उतारवयाला हातभार लावते. गाणे चालू राहण्यासाठी लागणारे अंगण ते देत नाही.

५

पनवेलच्या बाबतीत हे अंगण शब्दशः घ्यावे लागते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादन केली. १९८४ साली जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले आणि त्या संघर्षातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी पनवेल परिसरातील दहा गावे हलवली गेली. या सर्व व्यवहारांत जमिनीचा आणि घराचा मोबदला मोजला गेला. गावदेवीचे पटांगण, होळीचा माळ, मांडवासाठी लागणारी मोकळी जागा यांचे मोजमाप झाले तरी ते भूखंड म्हणून झाले. तेथे जे गायले-नाचले जाई त्याची नोंद कोणत्याच रकान्यात होऊ शकत नव्हती.

मग स्थानिक कलेला मिळणारे अनुदान ही या हानीची भरपाई मानावी काय? हा विचार आकर्षक असला तरी घातक आहे. भरपाई दिली की हिशेब मिटतो. मागणाऱ्याचा आवाजही तेथे मिटतो. शिवाय भरपाईचे अनुदान 'जतना'च्या नावाने कलेला तिच्या हानीच्या क्षणी गोठवून ठेवते. धवल्यांत विमानतळ येऊ नये, अशी नकळत अट त्यातून निर्माण होईल. आगरी-कोळी गीतांनी ध्वनिफिती आणि लग्नाच्या वरातींतून नवे रूप घेतले, ते कोणाच्या जतनामुळे नव्हे.

म्हणून निवड करणारे अनुदान आणि निवड न करणारे अनुदान असा भेद करणे आवश्यक आहे. पहिल्यात निवाडा अटळ आहे, म्हणून तेथे निवाडा करणाऱ्यांची नावे, त्यांची कारणे आणि अर्जदाराचा प्रतिवाद यांना जागा असली पाहिजे. दुसऱ्यात कलावंताची योग्यता तपासलीच जात नाही. जागा, वेळ आणि साधने नियमाने सर्वांना मिळतात. या दुसऱ्या प्रकाराचा नमुना आपल्याकडे आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये ग्रंथालयाला अनुदान मिळते, तेव्हा वाचकाने कोणते पुस्तक घरी न्यावे हे ते ठरवत नाही. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या आणि २०१६ साली २९ गावांसह महानगरपालिका झालेल्या पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. अशा नाट्यगृहाचे काही दिवस नाममात्र भाड्याने, क्रमवारीने, पात्रता न विचारता गावोगावच्या मंडळांना देणे आणि प्रत्येक वसाहतीत व पुनर्वसित गावात एक अनाच्छादित पटांगण राखून ठेवणे, हे या दुसऱ्या प्रकारचे अनुदान होईल. त्यात कोणाचे ऋण नाही आणि कोणाची परीक्षाही नाही.

अशाने सुमार कलेवर सार्वजनिक पैसा खर्च होईल, हा आक्षेप अपेक्षित आहे. तो खोटा नाही. परंतु कोणती कला सुमार हे ठरवण्याचे काम प्रेक्षकांवर आणि समीक्षेवर सोपवणे हे ते अर्जाच्या टप्प्यावर उरकून टाकण्यापेक्षा अधिक न्याय्य आहे. १८५५ साली 'तृतीय रत्न' उत्तम की सुमार हे ठरवण्याची संधी प्रेक्षकांना मिळालीच नाही. कमिटीच्या निवाड्याने नाटकाइतकीच त्याच्या संभाव्य प्रेक्षकाचीही हानी केली.

कलावंताकडून काय मागता येईल, हे यावरून ठरते. पैशाचा हिशेब मागता येईल, कारण पैसा सर्वांचा आहे. कृतज्ञता मागता येणार नाही, तीही नेमक्या याच कारणासाठी. हिशेब आणि कृतज्ञता यांची गल्लत शासन करते, तेव्हा अनुदान पुन्हा दक्षिणा होते. कलावंत ती करतो, तेव्हा तो न मागितलेली परतफेड करू लागतो. नकाराच्या परंपरेचा मान राखूनही म्हणावे लागेल, की सार्वजनिक जीवनात नकारापेक्षा अर्ज हे अधिक कठीण कृत्य आहे. नकार देणारा आपले स्वातंत्र्य सिद्ध करून मोकळा होतो. अर्ज करणारा मात्र दात्याला प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कारणांसह देण्याचे ओझे दात्यावर ठेवतो.