उपासमारीचा रकाना

1992 साली जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी हे नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं. पावसाळ्यापासून मुलं दगावत होती. सव्वाशेच्या आसपास हा आकडा तेव्हापासून छापून येतो आहे. मंत्र्यांच्या गाड्या आल्या, जव्हारला अपर जिल्हाधिकारी बसले, पुढे 1995च्या सुमारास आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली. या सगळ्या धावपळीत एक वाद काही मिटला नाही, आणि तो आजही दर पावसाळ्यात डोकं वर काढतो: मुलं मेली ती कशानं? सरकारी नोंद न्यूमोनिया म्हणते, हगवण म्हणते, गोवर, कमी दिवसांचं बाळंतपण, जन्मतः कमी वजन असं काही म्हणते. यातलं एकही कारण खोटं नसतं. पण ज्या अंगात या दुखण्यांशी झुंजायला काही उरलेलंच नव्हतं, त्या अंगाची हकीकत सांगायला तिथे जागा नसते. 2016मध्ये शेजारच्या मोखाड्यातल्या मृत्यूंवरून गदारोळ झाला तेव्हाही उत्तराचा साचा जुनाच होता.

हा साचा मंत्रालयात तयार झालेला नाही. त्याचा एक फार जुना नमुना लंडनमध्ये सापडतो. तिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून प्लेगच्या धास्तीनं मृत्यूंच्या याद्या निघत. जॉन ग्राँट नावाच्या, कापड-फितींचा धंदा करणाऱ्या माणसानं अशा अनेक वर्षांच्या याद्या मांडून 1662 साली एक छोटं पुस्तक छापलं. लोकसंख्याशास्त्राचा पाया म्हणून त्याचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. मुडदूस हे कारण यादीत प्रथम 1634 साली आलं आणि त्या वर्षी त्यात 14 नावं होती, असल्या गोष्टी त्याच्याच नजरेनं टिपल्या. पण माझं लक्ष अडतं ते दुसऱ्याच आकड्यावर. 2,29,250 मृत्यूंपैकी उपासमारीचे म्हणून त्याला सापडले फक्त 51. त्यावरून त्याचा निष्कर्ष असा की लंडनात भिकारी पुष्कळ दिसतात खरे, पण बहुतेकांना कुठून तरी खायला मिळतं. आणि या 51मधून त्यानं एक गट आधीच वगळला होता: दाईकडे अंगावर पिणारी तान्ही मुलं. ती उपाशी मेली तरी तो देशात अन्न कमी असल्याचा पुरावा धरायचा नाही, कारण दोष दूध पाजणाऱ्या बायांच्या हेळसांडीचा, अज्ञानाचा आणि अशक्तपणाचा!

साडेतीनशे वर्षांनंतर आपल्या आढावा बैठकांत ‘मातांमधील अज्ञान’ हे शब्द ऐकू येतात तेव्हा मला ग्राँट आठवतो. अशक्तपणा त्यानंही नोंदवला होता. पाजणारी बाई अशक्त का, हे मात्र त्यानं विचारलं नाही.

ग्राँटच्या काळातला युरोप आपल्या डोळ्यांसमोर असतो तो चित्रांतला: डुकराची तंगडी, वाइन, चीज. गरिबांच्या ताटाची खरी गोष्ट उलटी आहे. चौदाव्या शतकातल्या काळ्या मृत्यूनंतर माणसं कमी उरली, मजुरी वाढली, कुरणं मोकळी झाली, आणि दीडेक शतक सामान्य माणसाला बरं मांस मिळालं. जर्मनीत ते वर्षाला माणशी शंभर किलोच्या घरात गेलं होतं असा विल्हेल्म आबेल या इतिहासकाराचा अंदाज आहे. आकडा थोडा चढा वाटतो, पण दिशा इतरांनाही मान्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच प्रमाण वीस किलोच्या खाली होतं. मधल्या काळात माणसं वाढली, कुरणं नांगराखाली गेली, सामाईक गायरानांना कुंपणं पडली आणि जंगलं राजांची, उमरावांची झाली. इंग्लंडमध्ये 1723च्या ‘ब्लॅक ॲक्ट’नुसार तोंडाला काजळी फासून हरणाच्या मागे लागणाऱ्याला फाशी होती. शेतकरी पावावर, मग लापशीवर, मग मक्यावर आणि बटाट्यावर आला. त्याची आवड बदलली म्हणून हे झालं नाही. ताटातल्या बाकीच्या वस्तूंचा मालक बदलला.

वैद्यकानं याला शास्त्राचा शिक्काही दिला. गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या परंपरेतले सोळाव्या-सतराव्या शतकांतले वैद्य लिहीत की कष्टकऱ्याचं पोट जाडंभरडं पचवण्यासाठीच असतं. त्याला पांढरा पाव आणि तितर दिला तर तो आजारी पडेल, आणि उमरावाला कांदा-वाटाणा दिला तर तो. ‘त्यांना तेच मानवतं’ हे वाक्य वाडा-विक्रमगडपर्यंत सहलीला आलेल्या सुशिक्षितांच्या तोंडून मी ऐकलं आहे. बोलणाऱ्यानं गेलनचं नावही ऐकलेलं नसतं.

जव्हार-मोखाड्यात हीच गोष्ट उशिरा, पण वेगानं घडली. मोखाडा इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्यात शहापूरचा पेटा होता. जव्हार मुकण्यांचं संस्थान, 1948मध्ये विलीन झालेलं. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांचं पोट एका शेतावर कधीच नव्हतं. खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, खुरासणी, आणि उरलेलं जंगलात. पहिल्या पावसात शेवळं, कोळू, लोत, मग टाकळा, कुर्डू, करटोली, आळिंब, ओहळात खेकडे, वलगणीचे मासे, कोरड्या दिवसांत कंद, चैत्रात मोह. घरातलं धान्य आषाढात संपायचं तेव्हा ही रानातली कोठी उघडलेली असायची.

इंग्रजी जंगल खात्याला ठाणे जिल्ह्यात सागवान हवं होतं, आणि राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडणारा आदिवासी त्याच्या हिशेबात जंगलाचा शत्रू होता. राब भाजल्याशिवाय नागलीचं रोप धड उगवत नाही. तक्रारी इतक्या झाल्या की 1885मध्ये मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्यासाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. 1892मध्ये त्याहून मासलेवाईक कायदा आला. मोहाची फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर या दोन जिल्ह्यांत बंधन आलं, कारण घरच्या भट्टीमुळे सरकारी दारूचं उत्पन्न बुडत होतं. तीच फुलं वाळवून, भाजून, उकडून उन्हाळ्यात पोटात जात. अबकारी हिशेबात त्याला जागा कुठली? मग पावसाळ्याच्या तोंडाशी उरला सावकार आणि त्याची खावटी: आषाढात घेतलेलं भात कापणीला दीडपटीनं, कधी दुपटीनं फेडायचं, नाही जमलं तर वेठ. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यानं 1939च्या अहवालात या भागातली परिस्थिती सरकारला स्वच्छ शब्दांत सांगितली होती. सहा वर्षांनी वारल्यांनी उठाव करून ती स्वतःच सांगितली, आणि गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकामुळे ती मराठी घरांत पोचली.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नागली-मोहाचा तो काळ सुखाचा नव्हता. पोट भरायचं ते काही महिनेच, आणि हिवतापानं, बाळंतपणानं किती गेले याची मोजदादही नाही. त्यामुळे रेशनच्या तांदळाला नाक मुरडणारे लेख मला पटत नाहीत. अंत्योदयाचं महिना 35 किलो धान्य घरात असणं आणि नसणं यात आषाढातल्या एका मुलाच्या जगण्याचा फरक असू शकतो. मात्र तो तांदूळ ताटात येताना एकटाच आला. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आत-बाहेर. नागलीची जागा तांदळानं घेतली, खुरासणीच्या तेलाची जागा पामतेलाच्या पिशवीनं, करटोलीची जागा बटाट्यानं, आणि मुलाच्या हातात पाच रुपयांची पुडी आली. पोट भरलं, अंग भरलं नाही.

अशा ‘भरल्या पोटीच्या’ आजाराचा युरोपातला दाखला मक्याचा आहे, आणि तो जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतून आलेला मका उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात फोफावला. जमीनदार गहू बाजारात पाठवू लागले आणि कुळांच्या वाट्याला मका ठेवला. वर्षातले बरेच महिने घट्ट शिजवलेल्या मक्याच्या पोलेंटाखेरीज दुसरं काही नाही अशी घरं झाली. मग त्यांच्या हाताला, मानेला उन्हात चट्टे उठू लागले, हगवण लागली, पुढे भ्रम आणि मृत्यू. स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्यानं हा रोग 1735 साली पाहून नोंदवला, तोही मका खाणाऱ्या गरिबांतच. 1771मध्ये मिलानच्या फ्रापोल्लीनं त्याला ‘पेलाग्रा’ म्हटलं. पुढची दीडशे वर्षं वैद्य भांडत राहिले: ऊन बाधतं, मका कुजका असतो, रक्तातच दोष आहे, हे लोकच गलिच्छ. खरं कारण, नियासिन या जीवनसत्त्वाची उणीव, 1937मध्ये पक्कं झालं.

गंमत अशी की मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊनही हा रोग नव्हता. तिथल्या बायका दाणे चुन्याच्या निवळीत शिजवून, रात्रभर ठेवून, मग वाटत. त्यानं मक्यात अडकलेलं नियासिन मोकळं होतं. युरोपनं दाणा उचलला, ही कृती उचलली नाही. हिवतापावरची सिंकोनाची साल मात्र त्याच अमेरिकेतून सतराव्या शतकात जेझुइटांनी मात्रेसकट, काढ्यासकट आणली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याला मुंबई बेट खंडानं मिळालं होतं. त्यानं 1563मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथातले हिंदुस्थानी औषधींचे गुण क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लॅटिन गोषवाऱ्यामुळे चारच वर्षांत युरोपभर वाचले गेले. औषधीला गिऱ्हाईक होतं. चुलीवरची कृती बाईच्या हातात होती, ती कोण विचारणार?

जव्हारच्या घरांत अशा कृती अजून आहेत, आणि त्या गेल्या तर दाणा-पाला असूनही उपयोगाचा नाही. शेवळं नुसतं शिजवून खाल्लं तर घसा खाजून जीव नकोसा होतो. काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवलं की उत्तम लागतं. कडूकंद चिरून, राखेच्या पाण्यात उकळून, रात्रभर ओहळाच्या वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाही. नागलीला मोड आणून, वाळवून दळलं की तान्ह्या मुलाला पचते. हे आजी सुनेला शिकवते ते हातानं, त्या-त्या मोसमात, चुलीपुढे. आणि नेमकी सून मोसमभर घरी नसते.

दिवाळी झाली की पाड्यांवर कुलपं लागतात. कुणाला विचारलं तर सांगतात, ‘जगायला गेलेत.’ भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, कुठे रेतीवर, कुठे बांधकामावर. जव्हार-मोखाड्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मोखाड्याच्या खोऱ्यांतलं पाणी धरणांतून मुंबईच्या नळाला जातं, आणि मार्चमध्ये तिथल्याच पाड्यांवर टँकर लागतो. दुसरं पीक घ्यायचं कशावर? भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, तेवढ्यात तांदूळ, तिखट, मीठ, बटाटा. बाई पोटुशी असली तरी विटा थापते. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण आहे. योजना चांगली आहे, माझ्या मते या भागासाठी निघालेल्या योजनांतली सर्वांत शहाणी. पण ताट पाड्यावर आणि बाई भट्टीवर. अंगणवाडीताईच्या वहीत तिच्यापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो.

होळीला किंवा पावसाच्या तोंडाशी ती परतते तेव्हा मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात, गेलेलं असतं. मग ग्राम बाल विकास केंद्र, तिथेही नाही सुधारलं तर जव्हारच्या पतंगशहा रुग्णालयात भरती. वजन काही शे ग्रॅमनं वाढतं, मूल ‘मॅम’मध्ये, म्हणजे मध्यम कुपोषणात, येतं, घरी जातं. दरम्यान सप्टेंबरात पोषण महिना येतो, नागलीच्या पाककृतींची स्पर्धा होते, शहरात रानभाजी महोत्सव भरतो. 1596च्या दुष्काळात ह्यू प्लॅट या इंग्रज गृहस्थानं भुकेवरच्या नव्या-नव्या युक्त्यांचं पुस्तक काढलं होतं. युक्त्यांना तेव्हाही तोटा नव्हता. 2023 हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून नागलीचं पीठ मुंबईच्या मॉलमध्ये सुबक पाकिटात मिळतं, आणि ज्याच्या वरकसात ती पिकते तो ती विकून तांदळावर राहतो. यात नागलीचा काही गुन्हा नाही. पो नदीच्या काठी गव्हाचंही असंच झालं होतं.

इटलीनं 1902 साली पेलाग्राविरोधी कायदा केला. मीठ वाटलं, मका वाळवायच्या भट्ट्या बांधल्या, रोग्यांसाठी भोजनगृहं काढली. माणूस तिथे जेवून सुधारायचा आणि त्याच कुळवहिवाटीत परत जायचा. त्याच्या गावातून पेलाग्रा हटत गेला तो नियासिन सापडण्याच्या आधी: लोक देशांतराला गेले, मागे राहिलेल्यांची मजुरी वाढली, आणि ताटात पोलेंटाच्या शेजारी दुसरं काही दिसू लागलं. यातलं काय जव्हारला लागू पडतं हे पाहायला वैद्यकाची पदवी लागत नाही. जिथे गावांना सामूहिक वनहक्क मिळाले तिथे रानातली कोठी निदान कागदावर परत आली आहे. बाकी प्रश्न दिवाळी ते होळी गावातच मजुरी मिळण्याचा आहे. रोजगार हमी महाराष्ट्रानंच देशाला दाखवली, आणि केंद्राच्या 2005च्या कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी द्यायचं बंधन घातलं गेलं. ती वेळेवर क्वचितच येते. भट्टीच्या मुकादमाची उचल मात्र घरातलं धान्य संपतं त्या पावसाळ्यातच रोख हातावर पडते.