विनाशाला कारण लागते का? पेशीचे मरण आणि एक जुना वाद

निर्माण झालेली वस्तू नष्ट होण्यासाठी तिच्या उत्पत्तीच्या कारणांहून वेगळे असे काही कारण लागते, की नाश हा तिचा स्वभावच असल्यामुळे तो आपोआप घडतो, हा भारतीय दर्शनांतील अत्यंत चिवट वादांपैकी एक आहे. नैयायिकांच्या मते घट मुद्गराच्या प्रहाराने फुटतो. त्या प्रहारातून घटाचा प्रध्वंसाभाव, म्हणजे फुटण्यापासून सुरू होणारा आणि पुढे कधीही न संपणारा अभाव, उत्पन्न होतो, आणि ज्याअर्थी तो उत्पन्न होतो त्याअर्थी त्याला कारण असलेच पाहिजे. वसुबंधू आणि त्यांच्यानंतर सातव्या शतकात धर्मकीर्ती यांनी मांडलेला बौद्ध पक्ष याच्या नेमका उलट आहे. वस्तू मुळातच नश्वर असेल तर तिला नष्ट करायला बाहेरून कोणी यावे लागत नाही, आणि ती मुळात अनश्वर असेल तर कोणीही आले तरी तिचे काही बिघडत नाही. शिवाय अभाव ही घडवण्याजोगी वस्तूच नसल्यामुळे अभावाचे कारण शोधणे व्यर्थ होय, असे हा पक्ष म्हणतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात हाच प्रश्न वैद्यकाच्या अंगाने येतो. भावांच्या उत्पत्तीला कारण असते, निरोधाला नसते, देहधातूंचा उपरम स्वभावतःच होत राहतो, असा तेथील सिद्धान्त असून तो स्वभावोपरमवाद म्हणून ओळखला जातो. त्यावर शिष्य अग्निवेश आपल्या गुरूंना, पुनर्वसू आत्रेयांना, अडचणीत टाकणारी शंका विचारतो: धातू आपोआपच नाहीसे होत असतील, तर वैद्याने करायचे तरी काय?

या वादात घट, दीपज्योत आणि बीज हीच उदाहरणे शतकानुशतके फिरत राहिली. गेल्या पन्नास-साठ वर्षांत प्रयोगशाळांनी त्यांत मरणाऱ्या पेशीची भर घातली असून हे उदाहरण दोन्ही पक्षांना अस्वस्थ करणारे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विकृतिशास्त्राने पेशीच्या मरणाकडे बहुतांशी नैयायिकांच्या दृष्टीने पाहिले. भाजणे, विषबाधा, रक्तपुरवठा तुटणे असा काहीतरी आघात होतो, पेशी फुगते, तिचे पटल फाटते, आतील द्रव्य बाहेर सांडते आणि आसपासच्या ऊतीला सूज येते. या घटनाक्रमाला ऊतकनाश म्हणतात. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ जॉन केर यांनी उंदरांच्या यकृताकडे जाणाऱ्या प्रतिहारी शिरेची एक शाखा बांधून टाकली आणि यकृताचा तो खंड हळूहळू आक्रसत असताना त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना वेगळेच काही दिसले. निरोगी पेशींच्या मधोमध एखादीच पेशी शेजाऱ्यांपासून सुटी होत होती, फुगण्याऐवजी आकसत होती, तिच्या केंद्रकातील द्रव्य घट्ट गोळा होत होते, आणि मग ती पटलाने नीट वेढलेल्या लहान लहान तुकड्यांत विभागली जाऊन शेजारच्या पेशींच्या पोटात जात होती. कुठेही सांडलवंड नव्हती आणि सूजही नव्हती. केर यांनी अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी यांच्यासह १९७२ मध्ये या मरणाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला अपॉप्टोसिस हे नाव दिले. मराठीत त्याला नियोजित पेशीमृत्यू म्हणता येईल. वर्णन अचूक असूनही पुढची दहा-पंधरा वर्षे त्याकडे फारसे कोणी वळले नाही, कारण मरण हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, ते केवळ जगण्याचे संपणे नव्हे, ही कल्पनाच पचनी पडायला अवघड होती.

ती पचनी पाडली मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका पारदर्शक सूत्रकृमीने. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये अभ्यासासाठी निवडलेल्या सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगान्स या कृमीच्या शरीरातील प्रत्येक पेशीची वंशावळ जॉन सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, विभाजनामागून विभाजन पाहत नोंदवली. त्यातून असे दिसले की वाढीच्या काळात या कृमीत १०९० देहपेशी तयार होतात आणि त्यांपैकी १३१ मरतात. त्याही दर वेळी त्याच, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी. अमेरिकेत रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी पुढे दाखवले की सेड-३ आणि सेड-४ या दोन जनुकांपैकी कोणतेही एक निकामी झाले तर या पेशी मरतच नाहीत, आणि सेड-९ हे तिसरे जनुक या दोघांना आवर घालते. माणसातील बीसीएल-२ हे जनुक कृमीत घातले असता तेही तेथे पेशींचे मरण रोखते, असे १९९२ मध्ये आढळले. कृमी आणि माणूस यांचे वंश पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी मरणाची यंत्रणा दोघांनीही जपून ठेवली आहे. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवर नैयायिकांचा पक्ष जिंकल्यासारखा वाटतो. मरणाला कारण आहे, ते जनुकांत लिहिलेले आहे आणि ते काढून टाकले की मरण थांबते; स्वभावतः, काही न करता ही पेशी मरत नाही, तिला मरणासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. कॅस्पेज नावाची विकरे, म्हणजे इतर प्रथिनांना ठरावीक ठिकाणी कापणारी प्रथिने, तिच्यात आधीपासून निष्क्रिय रूपात तयार असतात. शियाओडोंग वांग यांच्या प्रयोगशाळेत १९९६ मध्ये जे उलगडले ते तर विलक्षण आहे: तंतुकणिकेत राहून श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे, म्हणजे पेशीला क्षणोक्षणी जगवणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन तंतुकणिकेबाहेर पडले की तेच कॅस्पेजना जागे करते. जगवणारे द्रव्य आणि मारणारे द्रव्य एकच आहे; फरक पडतो तो त्याच्या जागेने.

परंतु याच काळात लंडनमध्ये मार्टिन रॅफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या तर त्यांना ३७ अंश तापमान, साखर, क्षार आणि अमिनो आम्ले पुरवून भागत नाही. पोषक द्रवात बहुधा गर्भस्थ वासराच्या रक्ताचा द्रवांश मिसळावा लागतो, कारण इतर पेशींनी सोडलेली संदेशद्रव्ये त्यात असतात. हा द्रवांश काढून घेऊन पेशी बशीत विरळ पेरल्या तर अन्न भरपूर असतानाही त्या मरतात, आणि त्यांचे ते मरण केर यांनी वर्णिलेल्या प्रकारचे असते. डोळ्याच्या भिंगातील आणि कूर्चेतील पेशी इतर प्रकारच्या पेशींवाचून तग धरतात, पण त्यांनाही स्वजातीयांचा शेजार लागतो. दाट पेरल्या तर त्या जगतात, विरळ पेरल्या तर जगत नाहीत. केंद्रक काढून टाकलेल्या, म्हणजे जनुकांकडून नवी आज्ञा मिळण्याची सोयच नसलेल्या पेशीसुद्धा याच पद्धतीने मरू शकतात, असेही रॅफ यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवले. मरणाची सर्व सामग्री पेशीत सदैव सज्ज असते आणि ‘जग’ असा शेजाऱ्यांचा संदेश पोहोचत असेतोवर ती आवरलेली राहते, असा याचा अर्थ निघतो. मज्जापेशींबाबत रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी हे पुष्कळ आधी हेरले होते. कोंबडीच्या गर्भातील पायाचा अंकुर काढून टाकला तर तेथे पोहोचू पाहणाऱ्या मज्जापेशी निर्माण होतात, वाढू लागतात आणि मग मरतात, कारण ज्या ऊतीकडून त्यांना आधार मिळायचा ती ऊतीच उरलेली नसते. तो आधार देणारे मज्जावर्धक द्रव्य पुढे सापडले आणि त्यासाठी स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मग कारण नेमके कशाला लागते? पेशीच्या बाबतीत स्पष्टीकरणाची गरज सर्वाधिक आहे ती तिच्या टिकण्याला. येथे बौद्धांची अंतर्दृष्टी नैयायिकांच्या अंतर्दृष्टीहून खोल ठरते, कारण स्थिती ही आपोआप चालू राहणारी गोष्ट नसून क्षणोक्षणी नव्याने आणि इतरांच्या आधाराने घडणारी गोष्ट आहे, हे प्रतीत्यसमुत्पादाचे, म्हणजे प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर अवलंबून उद्भवते या बौद्ध सिद्धान्ताचे, म्हणणे येथे अक्षरशः खरे होते. मात्र नाश निर्हेतुक आहे हे त्यांचे दुसरे म्हणणे येथे टिकत नाही. संदेश थांबल्यावर पेशी नुसती नाहीशी होत नाही. ती एका क्रमाने, अनेक प्रथिनांच्या द्वारे आपले विघटन घडवते, पटलाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध रेणू बाहेरच्या बाजूस आणून भक्षक पेशींना आपली ओळख पटवते, आणि यांतील प्रत्येक पायरी कारणाने बांधलेली असते. अभाव घडवता येत नाही हे तर्काने निर्दोष आहे, तरी विघटन ही घटना अभावाहून वेगळी आहे, आणि ती घडवता येते. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त बौद्धांच्या क्षणभंगवादाशी, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणमात्रच टिकते या मताशी, जो प्रदीर्घ झगडा केला त्याला या ठिकाणी तरी यश द्यावे लागते. या वादाने घटाचे उदाहरण धरले, तेथेच त्याची दिशा अरुंद झाली असे म्हणणे भाग आहे. घट काहीही न करता असतो. सजीव वस्तूचे असणे हीच एक क्रिया आहे, आणि जी क्रिया करून टिकते तिच्या थांबण्याचा विचार फुटणाऱ्या मडक्यावरून करता येत नाही.

अग्निवेशाच्या शंकेला आत्रेयांनी दिलेले उत्तर या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. वैद्य धातूंचा नाश रोखत नाही. सम धातूंची परंपरा उत्पन्न होत राहावी अशी कारणे तो जुळवतो, असे ते सांगतात. नाशाशी झुंज न मागणारी ही चिकित्सेची कल्पना आजच्या कर्करोग संशोधनाच्या फार जवळ येते, आणि एका बाबतीत तिच्याही पुढे जावे लागते. बीसीएल-२ हे जनुक प्रथम लसीका पेशींच्या एका कर्करोगात सापडले. ते पेशींची वाढ वेगाने घडवत असेल असा समज होता, परंतु डेव्हिड वॉ, सुझन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी १९८८ मध्ये दाखवले की ते पेशींना मरू देत नाही, एवढेच त्याचे काम. न मरणारी पेशी हाच तेथे रोग होता. या प्रथिनाला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये रक्ताच्या एका कर्करोगावर मान्य झाले, आणि ते जे करते त्याला पेशीची मरण्याची क्षमता परत मिळवून देणे असेच म्हणावे लागेल. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात जे पेशीवाण जपले जातात आणि देशभरच्या संशोधकांना पुरवले जातात, त्यांतील अनेक अशाच, मरणाच्या आवरातून सुटलेल्या अर्बुदांपासून आलेले आहेत.

येथे एक मोह उभा राहतो आणि तो धार्मिक लेखनात वारंवार दिसतो: पेशी समष्टीसाठी आत्मबलिदान करते, तेव्हा निसर्गानेच त्यागाचा धर्म शिकवला आहे, असे म्हणण्याचा. हे म्हणणे वस्तुस्थितीलाही धरून नाही. ज्या कृमीत त्या १३१ पेशी मरतच नाहीत तोही जवळपास नेहमीसारखा जगतो. उंदरात मात्र याच यंत्रणेतील कॅस्पेज-९चे जनुक काढले तर मेंदू अवाजवी वाढतो आणि बहुतेक पिल्ले जन्माच्या सुमारास दगावतात. म्हणजे ‘समष्टीसाठी’ हा हेतू प्रत्येक मरणामागे उभा नसतो. आणि त्याग म्हणायचा तर हेतू लागतोच. जैन परंपरेत सल्लेखनेचे, म्हणजे आहार क्रमाने सोडून मरण स्वीकारण्याचे, व्रत घेणाऱ्याकडून भान, गुरूची अनुज्ञा आणि जगण्या-मरण्याच्या इच्छेपासूनही मुक्ती अपेक्षित असते. त्यामुळेच ते व्रत ठरते. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आधिभौतिक नीतिशास्त्राची चिकित्सा करताना कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला निर्णायक मानले, आणि पेशीकडे ती बुद्धी नाही. तिचे मरण पुण्यही नव्हे, पापही नव्हे.

याहून महत्त्वाचा भेद असा की एका देहातील बहुतेक सर्व पेशी एकाच फलित अंड्याच्या संतती असतात आणि त्यांचा जनुकसंच जवळपास एकच असतो. जी पेशी मरते तिचा वारसा प्रजननपेशींतून पुढे जातो, म्हणून तिच्या मरणात तिचे असे काही हरवत नाही. माणसे एकमेकांच्या प्रती नसतात. एक माणूस गेला की त्याचे अनुभव, त्याचे ऋणानुबंध आणि त्याचा विचार दुसऱ्या कोणात साठवलेला राहत नाही. समाजाला देह आणि माणसाला पेशी म्हणणारी उपमा येथे मोडते, आणि ती मोडलेली असतानाही वापरली गेली आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी देहाला पेशीनागरिकांचे राज्य म्हटले होते. विसाव्या शतकात ती उपमा उलटी करण्यात आली. फॅसिस्ट इटलीच्या १९२७च्या श्रमसनदेचे पहिलेच कलम राष्ट्राला एक सजीव म्हणून घोषित करते, ज्याचे जीवन आणि ज्याची साध्ये घटक व्यक्तींहून श्रेष्ठ आहेत. त्याच राजवटीने १९३८मध्ये वंशकायदे केले आणि ज्यू असल्यामुळे लेव्ही-मोंताल्चिनी यांना तुरिनच्या विद्यापीठातून बाहेर पडावे लागले. शेजाऱ्यांच्या आधाराविना मज्जापेशी मरतात हे त्यांनी घरातल्या निजायच्या खोलीत, शिवणाच्या सुया घासून केलेल्या हत्यारांनी आणि खेड्यांतून आणलेल्या अंड्यांवर शोधून काढले.