दयेची वकिली

पुतणी : काका, पक्षकार वाचत असेल तर कुठलाही युक्तिवाद चालतो, असं मी म्हटलं की तुम्ही गप्प होता.

काका : मला अथेन्सचा वक्ता डायोडोटस आठवतो. इ.स.पू. 427. मिटिलिनी शहराचं आपल्याविरुद्धचं बंड मोडल्यावर अथेन्सच्या सभेनं ठरवलं : तिथले सगळे पुरुष मारायचे, बायकामुलं गुलाम करायची. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांचं मन त्यांना खाऊ लागलं, म्हणून पुन्हा सभा भरली. क्लिऑन नावाचा पुढारी म्हणाला, शिक्षा न्याय्यच आहे, दयामाया नको.

पुतणी : आणि डायोडोटसनं दया मागितली?

काका : छे! दयेला भुलू नका, असं तोही म्हणाला. अपराध किती ते सोडा, आपलं हित कशात आहे ते बघा. शरण येऊनही मरणच असेल, तर पुढचं शहर शेवटपर्यंत झुंजेल आणि खंडणीऐवजी आपल्या हाती ढिगारे येतील. थोडक्या मतांनी तो जिंकला. दुसरं जहाज अगदी वेळेवर पोचलं.

पुतणी : मग अडलं कुठं? ॲरिस्टॉटलही म्हणतो, कोर्टात न्याय, सभेत हित.

काका : अडलं श्रोत्यांपाशी. त्यांची हळहळ खरी होती, तिला त्यानं बोलूच दिलं नाही. अकरा वर्षांनी मेलोस बेटाला शरण यायला सांगताना अथेन्सचे दूत म्हणाले, न्यायाचं काढू नका, हिताचं बोला. इतिहासकार थ्युसिडिडीजनं दोन्ही प्रसंग लिहून ठेवलेत. मेलोसचे पुरुष वाचले नाहीत.

पुतणी : त्याचं खापर डायोडोटसवर कसं? न्यायाच्या नावानं कत्तल तर क्लिऑन मागत होता! लोकांच्या मनात दया होतीच. लाज वाटत होती ती कालचा निर्णय फिरवण्याची. हिताच्या हिशेबानं त्यांना मान खाली न घालता माघार घेता आली.

काका : खरंय. त्या दिवशी मीही तेच भाषण केलं असतं. पण शहर वाचल्यावर कुणीतरी सभेला सांगायला हवं होतं : तुम्ही दयेनं वागलात, आणि ते बरोबर होतं.

पुतणी : म्हणजे काल आम्हाला बनवलंस, असं सभा म्हणाली असती.

काका : म्हणू दे. इथं चांगल्या सल्ल्यासाठीही खोटं बोलावं लागतं, हे त्यानं त्यांच्या तोंडावर सांगितलंच होतं.

पुतणी : सांगितलं होतं, पण हिशेब त्यांना पटेपर्यंतच ते चाललं. तो मुखवटा होता हे कबूल केल्यावर पुढच्या शहरासाठी तो उभा राहिला, तर त्याचं कोण ऐकेल?