सैनिकाचं ऋण कोणत्या खात्यात?

दत्तजयंती आणि सशस्त्र सेना ध्वजदिन हे दोन दिवस बहुतेक वर्षी मागेपुढेच येतात. २०२२ साली तर दोन्ही एकाच दिवशी, ७ डिसेंबरला आले होते. ध्वजदिन १९४९ पासून पाळतात. कचेऱ्यांतून, शाळांतून छोटे झेंडे वाटतात, त्याचे पैसे हुतात्म्यांच्या घरच्यांसाठी आणि जखमी व माजी सैनिकांसाठी जातात. त्या वर्षी जन्मसोहळ्याच्या आधी आम्ही चार निवृत्त मंडळी मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. एकाच्या खिशाला झेंडा लावलेला. तो बघून दुसरे म्हणाले, “पगार घेतात, पेन्शन घेतात, कँटीनला स्वस्त मिळतं. मग आपल्यावर आणखी ऋण कसलं राहिलं?” तेवढ्यात पाळण्याची वेळ झाली आणि विषय तिथंच राहिला.

ते गृहस्थ काही वाईट नाहीत. अन्नदानाला दर वर्षी गव्हाचं पोतं त्यांच्याकडून येतं. प्रश्नही टाकाऊ नव्हता. देणं किती, घेणं किती, बाकी कोणाकडे निघते, हा सरळ हिशेबाचा प्रश्न आहे. मी हिशेब करण्यातच आयुष्य घालवलं, म्हणून या अंकासाठी चार ओळी लिहायला संपादकांनी सांगितलं तेव्हा हाच विषय घेतला.

मी कॉमर्सचा पदवीधर. बँकेत कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो. (प्रमोशन आलं होतं, पण बदली नको म्हणून घेतलं नाही. घरातून अजून त्यावर बोलणी बसतात.) बरीच वर्षं माझ्याकडे पेन्शनचं टेबल होतं. आता सैन्याची पेन्शन ‘स्पर्श’ म्हणून जी व्यवस्था आहे तिथून येते आणि हयातीचा दाखला मोबाईलवरही देता येतो. तेव्हा तसं नव्हतं. अलाहाबादच्या कार्यालयातून पीपीओ यायचा, म्हणजे पेन्शनचा हुकूम, आणि तो वाचून रक्कम बसवणं आमच्याकडे असायचं. पीपीओ हा अगदी रुक्ष कागद. पण वाचायची सवय झाली की त्यात माणूस दिसायला लागतो. जन्मतारीख, भरतीची तारीख, सेवेची वर्षं, सेवा संपण्याचं कारण. जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेवर पेन्शन बसते, त्यामुळे पस्तिशी-चाळिशीतला धडधाकट माणूस ‘माजी’ होऊन काउंटरवर उभा राहायचा. त्या वयाला आम्ही बँकवाले घरकर्जाचे अर्ज भरत होतो.

आणि कारणाच्या रकान्यात कधी कधी वेगळंच लिहिलेलं असायचं. मग पेन्शन त्याच्या बायकोच्या नावे असायची.

नीरेकडच्या एका गावातून अशा एक बाई दर नोव्हेंबरला येत. नवरा गेला तेव्हा त्यांचं वय बावीस-तेवीस असावं. माझ्यासमोर येऊ लागल्या तेव्हा केस पिकले होते. हयातीचा दाखला द्यायचा, आणि त्या काळी पुनर्विवाह केलेला नाही असंही लिहून द्यावं लागे. एका वर्षी अंगठा उठवून झाल्यावर त्या म्हणाल्या, “सायेब, मी जित्ती हाय हे दरसाली लिवून घेता. ह्यांचं नाव कुणी लिवून घेतं का?” मी म्हटलं, “आजी, नाव या कागदावर आहे.” तर म्हणाल्या, “मंग वाचा की.” मी फाईल उघडली आणि नंबर, हुद्दा, नाव, पलटण असं मोठ्यानं वाचलं. बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि देवळात उभं राहतात तशा उभ्या राहिल्या. मागे रांग होती, पण कोणी घाई केली नाही. त्यानंतर त्या येत होत्या तोवर दर नोव्हेंबरला मी ते वाचत असे. बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात तसं करायला सांगितलेलं नव्हतं.

आता ओट्यावरच्या प्रश्नाकडे येतो. पगार हा कामाचा मोबदला. मी दिवसभर टेबलावर बसलो, बँकेनं पगार दिला, शेवटच्या तारखेला नारळ-शाल घेऊन घरी आलो. माझं आणि बँकेचं खातं चुकतं झालं. सैनिकाचंही कवायत, पहारा, बर्फातली ड्यूटी इथपर्यंतचं पगारात बसतं असं घटकाभर मानू. पुढचं बसत नाही. कोणी म्हणेल, धोका तर इतरांनाही असतो. खरंच असतो. आपल्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीची माणसं पहाटेच्या थंडीत फडात उतरतात, साप असतो, बिबट्या असतो, रात्री ट्रॉलीखाली माणूस सापडतो. वायरमन पावसात खांबावर चढतो. त्यांचं देणं आपल्यावर आहेच आणि ते आपण कसं देतो हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण वायरमनला “आज चढत नाही” म्हणण्याची मुभा निदान कागदावर तरी आहे. तोडकऱ्याला उचल घेतल्यावर तीही फारशी राहत नाही, पण कायदा त्याला मरायला जा असं सांगत नाही. सैनिकाला ते सांगता येतं. नाही म्हणण्याचा हक्क त्यानं भरतीच्या दिवशीच सोडलेला असतो.

आपल्या भागात सोसायटीचं कर्ज न काढलेलं घर विरळा, त्यामुळे जामीनदार म्हणजे काय हे मी समजावून सांगायला नको. कर्ज दुसऱ्यानं घ्यायचं, बैल दुसऱ्याच्या दावणीला, विहीर दुसऱ्याच्या रानात. जामीनदाराची फक्त सही. सगळं सुरळीत चाललं तर त्याची कोणाला आठवणही होत नाही. पण वसुली निघाली की नोटीस त्याच्या दारात. सैनिक हा आपणा सर्वांचा जामीनदार आहे असं मला वाटतं. उपभोग आपला, सही त्याची. जामीनदाराला महिन्याला चार पैसे दिले म्हणून कर्ज आपलं राहत नाही असं कोणता व्यापारी म्हणेल?

पगारासाठीच सगळं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी या खेपेला नारायणपूरला एकमुखी दत्ताच्या दर्शनाला गेल्यावर मान थोडी वर करावी. समोर पुरंदर आहे. १६६५ साली तिथं मुरारबाजी देशपांडे दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्यांचं शौर्य पाहून खानानं कौल देऊ केला, आमच्याकडे ये, मोठा करतो म्हणाला, असं सभासदाची बखर सांगते. म्हणजे पगारवाढ समोर आली होती! मुरारबाजींनी ती धुडकावली आणि लढता लढता पडले. आणि पुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच वर्षी जूनमध्ये, पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि त्यात पुरंदरही गेला. ज्या किल्ल्यासाठी माणूस पडला तोच किल्ला गेला. मग ते मरण फुकट गेलं का? मावळात आजवर कोणी तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आपण कृतज्ञता ठेवतो ती लढाईच्या निकालाबद्दल नसते. निकाल, तह, राजकारण हे वरच्यांचं खातं. जामीनदाराची सही त्यामुळे खोटी ठरत नाही.

याच्याही पुढचा पेच अपशिंग्याचा. सातारा जिल्ह्यातलं हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत. इंग्रज सरकारनं तिथं त्यांचं स्मारक उभारलं. दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नायक यशवंत घाडगे मराठा पलटणीतून इटलीत लढले. १० जुलै १९४४ ला सगळे साथीदार पडल्यावर एकट्यानं शत्रूच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथंच ठार झाले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही की समाधी नाही, इटलीत कॅसिनो इथल्या स्मारकावर नाव तेवढं आहे. ही माणसं इंग्रजांच्या झेंड्याखाली मेली. त्यांचं ऋण आपल्यावर कसं? राणीचं राज्य गेलं, देणेकरीच उठून गेला, असं कोणी म्हणेल.

मला इथं बँकेचा नियम आठवतो. एक बँक दुसरीत विलीन झाली म्हणून ठेवीदाराचे पैसे बुडत नाहीत. पाटी बदलते, जुन्या बँकेची देणी नवीच्या पुस्तकात येतात. अपशिंगेकरांनी ४६ जण इंग्रजांचे म्हणून सोडून दिले नाहीत. गावानं ते आपल्या पुस्तकात ओढून घेतले, आणि अजूनही त्या गावची पोरं सैन्यात जातात. राज्य कोणाचं हे पोरगं ठरवत नव्हतं. आईनं भाकरी बांधून दिली आणि ते गेलं. आईच्या बाजूनं पाहिलं तर १९१४ आणि १९९९ यात काय फरक आहे?

मग हे ऋण लिहायचं कोणत्या खात्यात? आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितलं आहे. यज्ञानं, अध्ययनानं, संततीनं ती फिटतात. सैनिक आपला देव नाही, गुरू नाही, बाप नाही. पण जुन्या लोकांना हे सुचलं नव्हतं असं समजू नका. पंचांग काढा आणि पितृपंधरवडा पाहा. भाद्रपद वद्य चतुर्दशीला ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असं छापलेलं असतं. बाकीच्यांचं श्राद्ध ज्याच्या त्याच्या तिथीला, पण शस्त्रानं गेलेल्यांना स्वतंत्र दिवस राखून ठेवला आहे. माघ शुद्ध अष्टमीला भीष्मतर्पण. भीष्मांना मूलबाळ नाही, मग पाणी कोण देणार? तर ज्यांचं त्यांच्याशी कसलंही नातं नाही अशा सगळ्यांनी द्यावं, असं सांगितलं. रक्ताचं नातं नसलेल्या योद्ध्याला पाणी देणं हा आपला जुनाच धर्म आहे.

वीरगळही तसेच. जुन्या शिवालयांच्या आवारात, गावाच्या वेशीवर हे उभे दगड आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेताना, वर तो शिवपिंडीची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नाही. कुठं त्याला शेंदूर फासून म्हसोबा केलाय, कुठं पायरीला लावलाय, कुठं त्यावर धुणं आपटतात. नाव पुसलं की वीराचा दगड व्हायला वेळ लागत नाही.

दत्तभक्तांना अवधूताचे चोवीस गुरू सांगायला नकोत. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात सातव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत ते विस्तारानं सांगितले आहेत. मला त्यात एक गोष्ट फार लक्षात राहिली. पृथ्वी, वारा, कबूतर, मधमाशी, पिंगळा, बाण करणारा कारागीर, यांपैकी एकालाही आपण अवधूताचे गुरू आहोत याचा पत्ता नव्हता. कोणी त्याला शिकवायला बसलं नव्हतं, कोणी दक्षिणा मागितली नाही. तरी यदुराजानं विचारल्यावर अवधूतानं “मी पुष्कळांकडून शिकलो” असं मोघम उत्तर दिलं नाही. एकेकाला आठवून सांगितलं, कोणाकडून काय घेतलं तेही सांगितलं. ज्यानं आपलं नावही ऐकलेलं नाही त्याचं देणं कसं मानायचं, याचं उत्तर मला तिथं मिळालं. फेडायचं नाही, कारण ते फिटणारच नाही. नाव घेऊन सांगायचं.

आपण मात्र “अमर रहे” म्हणतो, म्हणजे घाऊक. फ्लेक्सवर हुतात्म्याच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. वीरपत्नीला २६ जानेवारीला खुर्चीवर बसवायचं आणि २७ ला तिचा सातबाऱ्याचा अर्ज पुढच्या आठवड्यावर टाकायचा. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला झालं, स्वातंत्र्यानंतर ७१ वर्षांनी. पण तिथं २५ हजारांहून अधिक नावं दगडात एकेक करून कोरली, हे योग्य झालं. पुण्याच्या कॅम्पातलं युद्धस्मारक त्याच्या आधीचं, १९९८ चं, आणि ते लोकवर्गणीतून उभं राहिलं.

जिवंतपणी आठवण ठेवणं आणखी अवघड जातं. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अधू झाले. १९७२ मध्ये जर्मनीत त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं, पॅरालिंपिकमधलं देशाचं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. ४६ वर्षांची थकबाकी! खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, १९७४ पासूनचं. मणक्याला इजा झालेले जवान तिथं राहतात. आपल्या सहली नारायणपूर करून पुण्याला सारसबागेपर्यंत जातात, तिथून खडकी काही लांब नाही. आधी विचारून, वेळ घेऊन जावं, आणि उपदेश करू नये एवढंच.

आमच्या मंदिर समितीनं या वर्षीपासून एक वही घातली आहे. सोमेश्वरनगरच्या आसपासच्या गावांतले सैन्यात असताना गेलेले सगळे त्यात लिहायचे, आणि भाद्रपद वद्य चतुर्दशीला सकाळच्या आरतीनंतर ती नावं मोठ्यानं वाचायची, असं ठरलं आहे. भाषण नाही, हार नाही, पाहुणे नाहीत. ओट्यावरच्या त्या गृहस्थांनीच वहीचे पैसे दिले. नाव, गाव, पलटण आणि तारीख एवढं हवं. तारखेवरून तिथी काढून द्यायला गुरुजी तयार आहेत. पहिलं नाव मी लिहिलं आहे, नीरेकडच्या त्या आजींच्या मालकांचं, त्यांच्या मुलीला विचारून. वही मंदिराच्या कार्यालयात असते आणि सकाळी आरतीनंतर तासभर मी तिथं बसतो. कागदपत्र असतील तर झेरॉक्स आणावी, मूळ प्रत घरीच ठेवावी.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥