राखणदार आणि पाहुणा

निसर्गपर्यटन हा शब्द आपल्या भाषेत तसा नवा. परंतु अल्पावधीतच त्यास पुण्यकर्माची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. डोंगर पाहावा, अरण्य पाहावे, बेटावरील पक्षी पाहावेत आणि कशासही धक्का न लावता परत यावे, एवढे केले की मनुष्य निर्दोष ठरतो, अशी या शब्दामागील समजूत आहे. ही समजूत वाईट नव्हे. नदीकाठी कचरा टाकून येणाऱ्या प्रवाशापेक्षा रिकाम्या हातांनी जाऊन रिकाम्या हातांनी परतणारा प्रवासी केव्हाही बरा. तथापि नीतीचा विचार करणाऱ्यास एवढ्यावर थांबता येत नाही. अपाय न करणे ही सद्वर्तनाची पहिली पायरी होय. तीच शेवटची आहे काय? ज्या भूमीचे सौंदर्य आपण डोळ्यांनी भोगतो, तिचे आपल्यावर काही ऋण चढते की नाही? आज याच प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हैदराबादेत राहणाऱ्या आपल्या मराठी व कोंकणी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. मूळच्या गोमंतकीय घराण्यांतील पुष्कळ जण जत्रेच्या निमित्ताने किंवा सुटीत कुलदेवतेच्या दर्शनास जातात. पूर्वी देवदर्शन, अभिषेक, प्रसाद आणि परतीचा प्रवास असा क्रम असे. आता त्यात एखादा दिवस निसर्ग पाहण्यासाठी म्हणून राखून ठेवण्यात येतो, मुलांच्या हाती दुर्बीण दिली जाते आणि मांडवीतील बेटांकडे पावले वळतात. यात गैर काहीच नाही. ज्या मुलांना कावळा आणि कबूतर यांखेरीज पक्षी ठाऊक नाहीत, त्यांना खंड्याची व ढोकरीची ओळख व्हावी, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र देवाच्या दारी पाय धुऊन शिरणारा तोच मनुष्य बेटावर कोणत्या भावनेने पाऊल टाकतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

पणजीच्या वरच्या अंगास मांडवीच्या पात्रात चोडण आणि दिवाडी ही दोन मोठी बेटे आहेत. दोन्ही तिसवाडी तालुक्यात मोडतात. चोडणच्या पश्चिम टोकास खारफुटीचे दाट वन असून 1988 साली त्यास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र दोन चौरस किलोमीटरही नाही. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरावे आणि भरतीची वेळ साधून होडीने आतल्या ओहोळांत शिरावे, म्हणजे हे लहानसे वन किती मोठे आहे ते कळते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, खारफुटीची श्वसनमुळे भाल्यांच्या टोकांप्रमाणे वर डोकावतात, निवट्या चिखलावर उड्या घेऊ लागतात आणि बगळे आपापल्या जागा धरतात. येथे घड्याळ चालते ते चंद्राचे. पाहुण्याच्या सोयीचे नव्हे.

या अभयारण्यास डॉ. सलीम अली यांचे नाव दिलेले आहे. त्यांचा जन्म 1896 सालचा व निधन 1987 सालचे. आपल्या शहराशी त्यांचा जुना ऋणानुबंध आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. प्रादेशिक पक्षी-पाहणीचे जे मोठे कार्य त्यांनी पुढे देशभर केले, त्याचा आरंभ निजामाच्या हैदराबाद संस्थानातील 1931-32 च्या पाहणीने झाला. बालपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली एक चिमणी ओळखता न आल्यामुळे हा मुलगा पक्षिशास्त्राकडे वळला, ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. तो मारलेल्या पक्ष्याचे नाव विचारीत गेला आणि त्या विचारण्यातूनच एका थोर ज्ञानोपासकाचे आयुष्य घडले. डोळ्यांचे सुख घेऊन तो मोकळा झाला नाही. पाहिलेल्या वस्तूचा ऋणाईत होऊन राहिला. पाहण्या-पाहण्यात अंतर असते, ते हेच.

परंतु चोडणचे जे दृश्य आपण निसर्ग म्हणून पाहतो, ते सर्वस्वी निसर्गाचे आहे काय? या बेटांचा सखल भाग खाजन जमिनीचा आहे. भरतीच्या पातळीखाली असलेली आणि मातीच्या व दगडांच्या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून राखलेली ही शेतजमीन. बांधात मानशी बसविलेल्या असतात. ओहोटीस आतल्या पाण्याच्या दाबाने मानशीचे दार उघडते, भरतीस बाहेरच्या दाबाने ते आपोआप मिटते. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन गेला की कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात पिकते; पुढे त्याच पाण्यात मासळी मिळते. बांध फुटला तर एकाचेच शेत बुडत नाही, शेजाऱ्याचेही बुडते. म्हणून बांधाची राखण हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. ते गांवकरीचे होते. पोर्तुगीजांनी या ग्रामसंस्थेस कोमुनिदाद असे नाव दिले, परंतु संस्था त्यांच्या पूर्वीची. शतकानुशतके भरती-ओहोटीच्या प्रत्येक फेऱ्यास कोणीतरी जागे राहिले, म्हणून ही भूमी भूमी राहिली.

आता ही राखण ठिकठिकाणी ढिली पडली आहे. शेती परवडत नाही, तरुण मंडळी नोकरीस बाहेर जातात, बांधाची डागडुजी राहून जाते. बांध फुटला की खारे पाणी आत शिरते आणि पडीक खाजनावर खारफुटी रुजते. पाहुणा तेथे येतो, ती हिरवी झाडी पाहतो आणि आदिम अरण्य म्हणून तिची प्रशंसा करतो. ज्या शेतकऱ्याचे भात तेथे पिकत असे, त्याला ही स्तुती कशी वाटत असेल? खारफुटी वाईट, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ती किनारा धरून ठेवते, मासळीच्या पिलांना आसरा देते आणि तिचे रक्षण झालेच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की, एकाच दृश्यात एकाचा लाभ व दुसऱ्याची हानी असू शकते आणि हे न जाणणारे डोळे कितीही निरुपद्रवी असले तरी अज्ञानीच राहतात. कशासही धक्का न लावणारा प्रवासी दोषी नसेल. पण तो काही जाणत नाही, आणि जाणत नाही म्हणून काही देतही नाही.

आपल्या वाचकांसाठी या बेटांचा आणखी एक अर्थ आहे. कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर मूळचे दिवाडीचे. सोळाव्या शतकात तेथील देवालयाचा विध्वंस झाला, लिंग नदीपलीकडे डिचोली महालातील नार्व्यास नेण्यात आले आणि 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. चोडणची श्रीदेवकीकृष्णाची मूर्ती अशीच स्थलांतर करीत माशेलास स्थिरावली. दिवाडीचा श्रीमहागणपती खांडोळ्यास गेला. देव गेले, भक्त त्यांच्या मागोमाग गेले. बेटे मात्र जागच्या जागी राहिली. मग देव निघून गेलेल्या भूमीचे क्षेत्रपण संपले काय? दर्शन आटोपून ऐलतीरावरून बेटाकडे पाहणाऱ्या भाविकाच्या मनात हा प्रश्न उठावयास हवा. आमच्या मते ते संपलेले नाही. जे मागे राहिले, धर्म बदलूनही ज्यांनी बांध सोडले नाहीत, त्यांनी ती भूमी बुडू दिली नाही. गोमंतकात प्रत्येक गावास राखणदार असतो अशी श्रद्धा आहे. गावाच्या सीमेवर रात्री फिरणाऱ्या त्या अदृश्य रक्षकास आपण मान देतो. मग बांधावर कंदील घेऊन फिरणाऱ्या दृश्य रक्षकास का देऊ नये, मग त्याच्या गळ्यात क्रूस असो वा जानवे?

यावर कोणी म्हणेल की, पाहुणा पैसे देतो, होडीवाल्यास काम मिळते, ऋण फिटले. पैशाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु केवळ पाहुण्यांच्या वर्दळीने रहिवाशाचे कल्याण होतेच असे नाही. मुंबईजवळचे घारापुरी बेट पाहा. तेथील शैव लेणी 1987 साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेली आणि जगभरचे प्रवासी महेशमूर्तीसमोर नतमस्तक झाले. त्याच बेटावरील राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांत समुद्राखालून तार टाकून वीज पोहोचली ती 2018 साली! दिवसा बेटावर येणारा प्रवासी सायंकाळच्या लाँचने परत जातो. बेटावरची रात्र त्याने पाहिलेलीच नसते. देवाचे वैभव पाहावे आणि देवाच्या शेजाऱ्याचा अंधार न पाहावा, याला दर्शन म्हणता येईल काय?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तीर्थयात्रेची थोरवी सांगणाऱ्यांनी आधी आपली तीर्थे पाहावीत, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे कठीण आहे. दूर कशास, आपला हुसेनसागर पाहावा. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळी, सोळाव्या शतकात, हा तलाव बांधला गेला. त्याच्या मध्यभागी खडकावर भगवान बुद्धाची अखंड पाषाणमूर्ती उभी आहे. 1990 साली तराफ्यावरून नेताना ती पाण्यात पडली, त्या अपघातात माणसे दगावली आणि 1992 साली तळातून वर काढून तिची स्थापना झाली. त्या शांत मुद्रेसमोर दरवर्षी गणेशमूर्तींचे विसर्जन होत आले आहे. शाडूची मूर्ती पाण्यात मिसळून जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसची विरघळत नाही आणि तिचे रंग पाण्यात उतरतात. 2021 साली तेलंगण उच्च न्यायालयाने अशा मूर्तींच्या तेथील विसर्जनास मनाई केली; सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती सवलत दिली. ज्या मर्यादेचे स्मरण धर्माने करून द्यावयाचे, ते न्यायालयास करून द्यावे लागले. आपल्या गावचे पाणी गढूळ ठेवून दुसऱ्याच्या गावचे निर्मळ पाणी पाहावयास जाणे, हा निसर्गप्रेमाचा सोयीस्कर प्रकार झाला.

म्हणजे भाविक श्रेष्ठ व प्रवासी कनिष्ठ, असा हा भेद नाही. भेद आहे तो नियम पाळणाऱ्यात व न पाळणाऱ्यात. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे जे विवेचन आहे, त्याचे मर्मच हे की, ज्याचे हात, पाय आणि मन संयत आहेत त्यास तीर्थाचे फळ मिळते. तेथे अंतर मोजलेले नाही, खर्चही मोजलेला नाही. संयम मोजलेला आहे. मुंडकोपनिषदात एका वृक्षावरील दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहतो. त्याचा आध्यात्मिक अर्थ खोल आहे व तो या चर्चेत ओढून आणणे योग्य नव्हे. तरी पाहणे आणि खाणे या दोन क्रिया आपल्या ऋषींनी वेगळ्या मानल्या, एवढा बोध आपण घेऊ शकतो. पुष्कळदा आपण पाहतो असे म्हणतो आणि खात असतो. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाणारा मनुष्य पक्ष्यास हात लावीत नाही. पण पिलांची भूक लांबवतोच.

आधुनिक जगालाही हे वेगळ्या वाटेने उमगले आहे. प्रशांत महासागरातील गॅलापागोस बेटांवर 1959 सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे आखलेल्या वाटेवरूनच चालावे लागते, अधिकृत वाटाड्या सोबत घ्यावा लागतो, आणि 2024 साली परदेशी प्रवाशांसाठी प्रवेशशुल्क शंभर डॉलरांवरून दोनशे करण्यात आले. सोवळ्याने गाभाऱ्याशी जाणाऱ्या आपल्या समाजास यात नवे वाटण्यासारखे काय आहे? गाभाऱ्यात सर्वांनी शिरावयाचे नसते, हे आपण लहानपणीच शिकतो. प्रत्येक बेटासही असा एक गाभारा असतो.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे. पाहुण्याने अपाय न करणे हे आवश्यक आहे, पुरेसे नाही. त्याने प्रथम विचारावे की, या जागेचा राखणदार कोण? त्याच्याच होडीतून फिरावे, त्याच्या शेतातले भात मिळत असेल तर ते आवर्जून विकत घ्यावे, भरतीची वेळ त्याला विचारावी आणि त्याने जाऊ नका म्हटले तेथे जाऊ नये. देवस्थानास अभिषेकाची दक्षिणा पाठविणाऱ्या घराने, मूळ गावच्या बांधाच्या डागडुजीसही वर्षातून एकदा काही पाठवावे. दोन्ही दाने एकाच भूमीस पोहोचतात. आपल्या शहरात शाडूची मूर्ती आणावी व ती कृत्रिम हौदात विसर्जित करावी. येथे जो नियम पाळील त्यासच तेथे पाहण्याचा अधिकार आहे. आणि कधी कधी, विणीच्या काळात किंवा गर्दीच्या दिवसांत, मुळीच न जाणे हीसुद्धा यात्राच समजावी. ज्याचे दर्शन घ्यावयाचे त्याच्या हितासाठी दर्शनाचा मोह आवरणे, हे भक्तीत बसते, असे आम्हांस वाटते.